बोरांची ओटी
(मंडळाच्या वर्धापनदिनी, हळदीकुंकवानंतर केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘कोरियातल्या लग्नाची हकीकत सांगा’ म्हणून उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. ओट्याशी उभे राहून सांगते तसेच सांगेन.

माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, मुलगी कोरियन भाषा शिकून सेऊलला नोकरीस गेली आणि तिने तिथलाच मुलगा पसंत केला. लग्न 2025 च्या जानेवारीत. पौषात लग्न! आमच्या आळीत आठ दिवस दुसरा विषय नव्हता. पण रजा तेव्हाच मिळत होती, आणि मुलाकडच्यांना पौष ठाऊकच नाही. अक्काचे यजमान जाऊन अठरा वर्षे झाली. तिला एकटीला कसे पाठवायचे, म्हणून मी सोबत गेले.

थंडी म्हणजे काय ते तिथे कळले. बाहेर बोटे वाकत नव्हती. घरात मात्र जमीनच ऊबदार. तिला ओंदोल म्हणतात. पूर्वी चुलीचा धूर जमिनीखालच्या वाटांतून फिरवीत, आता गरम पाण्याच्या नळ्या असतात. अक्का भुईवरून उठेचना.

तिकडे कार्यालयातली लग्ने तासाभरात उरकतात. एक वऱ्हाड निघते न निघते तोच दुसरे आत. जावयाला ते नको होते. इन्सादोंग भागात चित्रांची दालने पुष्कळ आहेत, त्यांपैकी एक लहानसे त्याच्या मित्राचे. तिथेच लग्न झाले. माणसे तीस-पस्तीस. पांढऱ्या भिंती, त्यांवर काळ्या शाईने काढलेले डोंगर आणि बांबू. चित्रांमुळे होम पेटवण्याची सोय नव्हती, तेव्हा आपल्याकडचे अंतरपाट आणि मंगळसूत्र एवढेच केले. मंगलाष्टके मीच म्हटली. दोन कडवी विसरले, पण कोणाला कळले नाही!

बाकी सारे ओळखीचे वाटावे असे. दारात अहेराची पांढरी पाकिटे आणि नावे लिहायची वही. नवरीच्या कपाळावर नि दोन्ही गालांवर लाल टिकली. उपवर मुलाला आपण ‘लाडू कधी?’ विचारतो, तर ते ‘गुक्सू कधी खाऊ घालणार?’ विचारतात. गुक्सू म्हणजे लांबच लांब शेवया. व्याह्यांसाठी त्यांच्याकडे ‘सादोन’ असा खास शब्दही आहे.

विहीणबाईंनी अक्कासाठी गुलाबी हानबोक, म्हणजे त्यांचा पायघोळ पोशाख, शिवून ठेवला होता. मुलीच्या आईने गुलाबी, मुलाच्या आईने निळा, अशी चाल. अक्का म्हणाली, “मला हा रंग कसा चालेल?” भाचीने ते भाषांतर करून सांगितलेच नाही. मग दोन्ही विहिणी हातात हात घालून पुढे गेल्या आणि दोघींनी एकेक मेणबत्ती लावली. तिथे लग्नाचा प्रारंभच आयांच्या हातून होतो.

नंतर जावयाने कापडात गुंडाळलेला लाकडी हंस अक्काच्या हाती दिला. हा रानहंस एकदाच जोडी करतो आणि जोडीदार गेला तरी दुसरी करीत नाही, अशी तिथली समजूत आहे. माणसाने करावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण अक्काने तो हंस पोटाशी धरला, तो जेवणापर्यंत खाली ठेवला नाही.

शेवटी पेबेक नावाचा विधी झाला. नवरानवरीने जमिनीला कपाळ टेकून वडील माणसांना नमस्कार केला आणि एक पांढरे वस्त्र पसरून धरले. सासूसासऱ्यांनी त्यात वाळलेली लाल बोरे आणि सोललेली चेस्टनटची फळे टाकली. जितकी झेलली जातील तितकी मुले! पूर्वी हा मान फक्त मुलाकडच्यांचा असे, आता मुलीकडचेही बसतात. विहीणबाईंनी ओंजळभर बोरे अक्कापुढे केली. अक्काने हात मागे घेतला. “ही ओटीच की ग,” ती मला म्हणाली.

इथे मला एक सांगितले पाहिजे. माझ्या मुलाच्या मुंजीत अक्का माझी ओटी भरायला पुढे आली होती. तिच्या ओंजळीतले तांदूळ काढून मी नणंदेला दिले. सासूबाईंनी सांगितले नव्हते, कोणीच सांगितले नव्हते. मीच दिले. अक्का निमूटपणे पानांवर मीठ वाढायला गेली. पुढे 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा वर्तमानपत्र वाचून मी शेजारणीला ‘फार चांगले झाले’ म्हटले. घरचे तांदूळ मला आठवलेसुद्धा नाहीत.

त्या दालनात ते आठवले. सगळे थांबले होते. मी म्हटले, “अक्का, टाक.” तरी ती बघतच राहिली. मग मी विहीणबाईंच्या हातातली बोरे घेतली आणि तिच्या ओंजळीत घातली. तिने टाकली. नवरानवरीने सात झेलली. दोन घरंगळत एका चित्राखाली गेली, ती मी उचलून आणली. अजून माझ्या डब्यात आहेत.

अक्का आज इथे आली आहे, मागच्या रांगेत भिंतीशी बसली आहे. मघाशी हळदीकुंकवाचे तबक तिच्या अलीकडूनच वळले. फराळाआधी ते पुन्हा फिरवावे, अशी अध्यक्षबाईंना विनंती आहे. तबक मी धरते.