किनाऱ्यावरचे तास : अलास्काच्या बोटीवर जाण्याआधी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा मे महिन्यात लिफ्टमध्ये भेटल्यावर विचारायचो, "यंदा कोकण की महाबळेश्वर?" आता मुलं-मुली सिएटलला, व्हँकुव्हरला, कॅलिफोर्नियात आहेत. ती म्हणतात, "आई-बाबा, या, आपण अलास्का क्रूझ करू." मग लिफ्टमधला प्रश्न बदलतो, "कोणत्या कंपनीची बोट घेतलीत?" मी आणि सौ. दोनदा जाऊन आलो म्हणून कार्यकारिणीने मला उभं केलंय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बोट कोणती हा दुय्यम प्रश्न आहे. बोट थांबते तिथे उतरून काय करणार, आणि ते कोणाच्या गुडघ्यांचा विचार करून ठरवणार, हा खरा प्रश्न आहे. सात रात्रींच्या सफरीत बंदरं मिळतात साधारण तीन-चार. प्रत्येक ठिकाणी सहा ते दहा तास. एवढा पैसा, एवढा विमानप्रवास, आणि हातात जमिनीवरचे जेमतेम तीस तास! त्यांचं नियोजन घरी, जेवणाच्या टेबलावर बसून व्हायला हवं.

आधी मार्ग बघू. हंगाम साधारण मे ते सप्टेंबर. एक प्रकार म्हणजे सिएटल किंवा व्हँकुव्हरहून निघायचं आणि तिथेच परत यायचं. दुसरा म्हणजे व्हँकुव्हरहून निघून उत्तरेला व्हिटियर किंवा सुअर्डला उतरायचं, किंवा याच्या उलट. सिएटलहून जाणारी बोट कॅनडातल्या व्हिक्टोरियाला बहुधा एका संध्याकाळी थांबते. त्यामागे १८८६ सालचा अमेरिकन कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकेतल्या बंदरातून प्रवासी घेऊन, परदेशी बंदर न करता तिथेच परत येता येत नाही. आपल्यासाठी याचा अर्थ एवढाच, की भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याला अमेरिकेच्या व्हिसाबरोबर कॅनडाचाही व्हिसा लागतो, आणि अमेरिकेचा व्हिसा पुन्हा पुन्हा प्रवेश देणारा हवा. तिकिटाआधी हे बघा.

आता बंदरं. बहुतेक बोटी जूनो, स्कॅगवे आणि केचिकन ही तीन करतात.

जूनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरच्या जगातून तिथे एकही रस्ता जात नाही. बोटीने नाहीतर विमानाने जायचं. इथे दोन मोठ्या गोष्टी आहेत : देवमासे आणि मेंडेनहॉल हिमनदी. हम्पबॅक जातीचे देवमासे हिवाळ्यात हवाईच्या उबदार पाण्यात जातात आणि उन्हाळ्यात खाण्यासाठी इथे येतात. म्हणून हे बंदर देवमाशांसाठी राखून ठेवा, असं मी म्हणेन. बंदरापासून बसने जायचं, मग लहान बोटीने. सगळं मिळून साडेतीन-चार तास. बंद केबिन आणि स्वच्छतागृह असलेली बोट निवडा. पंच्याहत्तरीची व्यक्तीही काचेआड बसून सगळं बघू शकते.

मेंडेनहॉल गावापासून वीसएक किलोमीटरवर आहे. तिथलं पर्यटक केंद्र १९६२ साली उघडलं तेव्हा हिमनदी अगदी पुढ्यात होती. आता ती तळ्यापलीकडे मागे सरकली आहे. केंद्रापासून नगेट धबधब्यापर्यंतची वाट सपाट आहे, जाऊन-येऊन तीनेक किलोमीटर. आपल्या बागेत रोज सहा फेऱ्या मारणाऱ्यांना काहीच नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी केंद्राच्या काचेतून बघावं, तेही छान दिसतं. एक सूचना : २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी ऑगस्टमध्ये वरचं बर्फाने अडवलेलं पाणी सुटून मेंडेनहॉल नदीला पूर आला. ऑगस्टमध्ये जाणार असाल तर आदल्या दिवशी चौकशी करा.

स्कॅगवे हे आगगाडीचं गाव. १८९६ मध्ये कॅनडाच्या क्लोंडाइक भागात सोनं सापडलं आणि हजारो माणसं या किनाऱ्यावर उतरून डोंगर चढायला लागली. खिंडीत कॅनडाचे पोलीस उभे असत. वर्षभराचा शिधा आणि सामान, म्हणजे जवळजवळ एक टन ओझं असल्याशिवाय पुढे सोडत नसत. एकेका माणसाने ते पाठीवरून कितीतरी फेऱ्या करून वर नेलं. व्हाइट पासच्या वाटेवर तीन हजारांच्या आसपास घोडे मेले. मग १८९८ मध्ये रेल्वेचं काम सुरू झालं, १९०० मध्ये मार्ग पूर्ण झाला, आणि तोवर सोन्याची धावपळ संपत आली होती!

आपण नेरळ-माथेरानच्या गाडीत बसलेली माणसं. ती दोन फुटी, ही तीन फुटी. पण इथे बत्तीसएक किलोमीटरमध्ये गाडी जवळजवळ तीन हजार फूट चढते. खिंडीपर्यंत जाऊन येणारी सहल अडीच-तीन तासांची. तिच्यात चालणं नाही, पायऱ्या थोड्याच, खिडकीतून सगळं दिसतं. घरातल्या सर्वांनी एकत्र करावी अशी ही सहल आहे. चाकाची खुर्ची असेल तर बुकिंग करतानाच सांगा. आणि गाडीने पुढे युकॉनपर्यंत जाणारी सहल घेतलीत तर तुम्ही कॅनडात उतरता. पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत ठेवून चालणार नाही.

केचिकनला पाऊस गृहीत धरा. वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास पडतो, म्हणजे मुंबईच्या सुमारे दीडपट, आणि तो बाराही महिने वाटून. इथे महागडी सहल नसली तरी चालते. ओढ्यावर लाकडी खांबांवर उभी असलेली क्रीक स्ट्रीटची घरं बंदरापासून चालत गाठता येतात. जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये त्याच ओढ्यात सामन मासे प्रवाहाविरुद्ध उड्या मारत वर जाताना दिसतात, फुकट! त्लिंगित आणि हैडा लोकांचे कोरीव टोटेम खांब बघायला सॅक्समन गाव जवळ आहे. टोटेम बाइट उद्यान थोडं लांब, सोळाएक किलोमीटर. हे खांब देव म्हणून पूजण्यासाठी नसतात. घराण्याचा इतिहास, मान, एखाद्याची आठवण त्यांवर कोरलेली असते. वाटाड्या स्थानिक समाजातला असेल तर त्याला विचारा, आनंदाने सांगतात.

एक दिवस असा येतो, की बोट कुठे लागतच नाही, आणि कित्येकांना तोच सगळ्यात जास्त लक्षात राहतो. तो ग्लेशियर बे नॅशनल पार्कचा. दिवसाला फक्त दोन मोठ्या क्रूझ बोटींना तिथे प्रवेश मिळतो, त्यामुळे मार्ग निवडताना हे नाव यादीत आहे का ते जरूर बघा. पार्कचे रेंजर बोटीवर चढून माहिती सांगतात. १७९४ मध्ये व्हँकुव्हरच्या मोहिमेतले लोक इथे आले तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, सगळा बर्फच होता. आज बोट तोंडापासून शंभरएक किलोमीटर आत जाते. त्या दिवशी सकाळी लवकर नाश्ता उरका, कानटोपी घाला आणि डेकवर जा. बोट हिमनदीसमोर सावकाश वळते, म्हणून जागेसाठी भांडू नका. दोन्ही बाजूंना दिसतं.

आता सहली निवडण्याचे आमच्या घरी ठरलेले नियम.

पहिला, एका बंदरात एकच मोठी गोष्ट. सकाळी हेलिकॉप्टर, दुपारी देवमासे, संध्याकाळी खरेदी असं बांधलं की दिवस बसमध्ये जातो. शिवाय हेलिकॉप्टर धुक्यामुळे ऐनवेळी रद्द होऊ शकतं. ते रद्द झालं तर काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

दुसरा, घड्याळ. अलास्काची वेळ सिएटलपेक्षा एक तास मागे आहे. मोबाइल एक वेळ दाखवतो, बोट दुसऱ्या वेळेवर असू शकते. उतरताना बोटीची वेळ आणि परत चढण्याची शेवटची वेळ कागदावर लिहून घ्या. बोटीमार्फत घेतलेली सहल उशिरा परतली तर बोट थांबते. बाहेरच्या टूरवाल्याची सहल स्वस्त असते, गट लहान असतो, पण उशीर झाला तर जबाबदारी आपली. म्हणून बाहेरची सहल घ्यायची तर परतीला किमान दीड-दोन तास हातात ठेवा.

तिसरा, कपडे आणि खाणं. छत्री बोटीवर कुचकामी. टोपीचं रेनकोट हवं. थरावर थर घाला. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा आणि वैद्यकीय विमा घ्या. शाकाहारी, जैन जेवण बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा. खानपान विभागात पुष्कळदा गोव्याची मुलं भेटतात, दोन शब्द कोकणी-मराठीत बोला, वरणभातही होतो! बुफेतलं खाणं आणि फळं किनाऱ्यावर नेता येत नाहीत. बंद पाकिटातला खाकरा-चिवडा चालतो, पण अस्वलं असतात त्या वाटेवर तोही नको.

ज्यांच्याकडे चार-पाच दिवस जास्त आहेत त्यांनी डेनालीचा विचार करावा. शिखर २०,३१० फूट, उत्तर अमेरिकेतलं सर्वांत उंच. उन्हाळ्यात ते बहुतेक वेळ ढगात असतं, म्हणून एक नव्हे, दोन रात्री राहा. अँकरेजहून आगगाडीने साडेसात तासांच्या आसपास लागतात. पार्कच्या रस्त्यावर पंधरा मैलांपुढे उन्हाळ्यात खासगी गाडी नेता येत नाही, पार्कचीच बस घ्यावी लागते. २०२१ मध्ये दरड सरकल्याने तो रस्ता त्रेचाळिसाव्या मैलापाशी बंद झाला; जाण्याआधी तो कुठवर सुरू आहे ते तपासा. आणि जमेल तर आधी जमीन, मग बोट. विमान चुकलं, बॅग उशिरा आली तर निस्तरायला वेळ मिळतो, आणि दगदग झाल्यावर बोटीवर विश्रांती होते. व्हिटियरला जायचा बोगदा एकच पदरी आहे. आगगाडी आणि मोटारी त्यातूनच जातात आणि प्रत्येक दिशेला ठरावीक वेळीच सोडतात. तिथेही घड्याळ बघा.

शेवटी मनातलं सांगतो. दुसऱ्या खेपेला आमच्या शेजारच्या टेबलावर एक तीन पिढ्यांचं कुटुंब होतं. मुलाने प्रेमाने, आपल्या पैशाने सगळ्यांना आणलं होतं. सहली त्यानेच निवडलेल्या, सगळ्या चालण्याच्या. आजी तीनपैकी दोन बंदरांत बोटीवरून उतरल्याच नाहीत. "तुम्ही जाऊन या रे, मी बाल्कनीत बसते," म्हणाल्या. मुलाला वाटलं, आईला बोटच आवडते. सौ.ला मात्र त्या म्हणाल्या, "मला ती आगगाडी बघायची होती हो. पण विचारलंच नाही कुणी, आणि मीही बोलले नाही."

तरुण मंडळींना माझी विनंती आहे, की बुकिंगआधी आई-बाबांना यादी वाचून दाखवा. प्रत्येक सहलीपुढे ती सोपी, मध्यम की अवघड हे लिहिलेलं असतं, तेही वाचा. आणि ज्येष्ठांना विनंती, की "आमचं काय, तुम्ही ठरवाल ते" हे वाक्य या एका बाबतीत सोडून द्या. काय झेपतं, काय बघायचंय, स्पष्ट सांगा. सगळ्यांनी सगळंच एकत्र करायला हवं असं नाही. मुलांनी डोंगर चढावा, आजी-आजोबांनी ओढ्याकाठी मासे बघावेत, आणि रात्री जेवताना एकमेकांना सांगावं. एखादी सहल मात्र सर्वांची एकत्र असू द्या.

माझ्याकडचा नकाशा आणि बंदरांची टिपणं सोसायटीच्या कार्यालयात ठेवली आहेत. ज्यांना हवी त्यांनी झेरॉक्स काढून घ्याव्यात, मूळ प्रत तेवढी परत ठेवा.