नाव टाकणे आणि नाव खोडणे

(रायगड किनाऱ्यावरील नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



धम्माच्या व्यासपीठावरून आज चित्रपटाविषयी बोलावयाचे आहे. चित्रपट ही करमणुकीची वस्तू, तिचा धर्मांतराशी आणि हक्कांशी संबंध काय, असे आपणांपैकी काहींस वाटेल. पण ज्याला ग्रंथ वाचता येत नाही त्यालाही चित्रपट पाहता येतो, हे विसरून चालणार नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी हे माध्यम तुच्छ मानले नव्हते. आचार्य अत्रे यांनी ‘महात्मा फुले’ हा चित्रपट काढावयास घेतला तेव्हा, १९५४ च्या जानेवारीत, त्याच्या मुहूर्तास बाबासाहेब स्वतः उपस्थित होते. त्या चित्रपटास पुढे राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. ज्या जोतीरावांना बाबासाहेबांनी आपले गुरू मानले, त्यांचे चरित्र पडद्यावर येणे हा त्या वेळी गौरवाचा विषय ठरला.

त्यानंतर एकाहत्तर वर्षांनी काय घडले ते पाहा. अनंत महादेवन यांनी दिग्दर्शित केलेला ‘फुले’ हा हिंदी चित्रपट जोतीरावांच्या जयंतीस, म्हणजे ११ एप्रिल २०२५ रोजी, प्रदर्शित व्हावयाचा होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला आणि प्रदर्शन २५ एप्रिलपर्यंत लांबले. चित्रपट प्रमाणन मंडळानेही फेरफार सुचविले होते. ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द त्याला नको होते. शूद्राने कमरेला झाडू बांधून चालावे, या अर्थाचे वाक्य बदलावयास लावले. तीन हजार वर्षांच्या गुलामीचा उल्लेख होता, त्याच्या जागी ‘पुष्कळ वर्षांची’ असे मोघम शब्द आले. चित्रपट बंद पाडला गेला नाही, तो लोकांनी पाहिला, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या अन्यायाविरुद्ध जोतीराव उभे राहिले त्या अन्यायाचे नाव आणि त्याचे वय मात्र पुसट करण्यात आले.

हे कोणत्या अधिकाराने होते? संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास भाषणाचे व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात वाजवी निर्बंधांची कारणे सांगितली आहेत: देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी इत्यादी. एखाद्या जातीला सत्य कडू लागते, हे कारण त्या यादीत नाही. १९५२ च्या चलच्चित्र अधिनियमाखाली मंडळ चित्रपटांना प्रमाणपत्र देते आणि १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, कोणत्याही समूहाची हेटाळणी करणारे शब्द चित्रपटात येऊ नयेत हे पाहते. नियम वाईट नाही. दलितांची टवाळी करणाऱ्याला तो आवर घालू शकतो. पण जो नियम दुबळ्याची टवाळी होऊ नये म्हणून केला, तोच दुबळ्याने आपले दुःख सांगू नये म्हणून वापरला गेला तर तो उलटा फिरला असे म्हणावे लागेल. पूर्वी मंडळाच्या निर्णयाविरुद्ध स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करता येत असे. २०२१ मध्ये ते न्यायाधिकरण रद्द झाले. आता निर्मात्याला थेट उच्च न्यायालय गाठावे लागते. प्रदर्शनाची तारीख ठरलेली, पैसा अडकलेला, अशा वेळी तो न्यायालयाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा चार शब्द गाळणे पसंत करतो. सत्याची काटछाट अशा सोयीने होत असते.

आता नवदीक्षितांच्या मनातील एका शंकेला हात घालतो. आपण म्हणाल, “आम्ही तर ते नाव केव्हाच टाकले. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तोच मार्ग आम्ही घेतला. आता आम्ही बौद्ध आहोत. मंडळाने ते जुने नाव पडद्यावरून गाळले तर आमचे काय बिघडले? आमच्या मुलांनी ते ऐकावे तरी कशाला?”

शंका प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही स्पष्ट दिले पाहिजे. नाव टाकणे ही एक गोष्ट आणि नाव खोडणे ही दुसरी गोष्ट. आपण नाव टाकले ते स्वतःच्या निर्धाराने. त्या नावावर लादलेली हीनता आम्हांस मान्य नाही, असे सांगून टाकले. त्या कृतीत कर्ते आपण होतो. दुसरा कोणी ते नाव इतिहासातून खोडतो तेव्हा तो आपली हीनता पुसत नाही, तर ती ज्यांनी लादली त्यांची जबाबदारी पुसतो. शिवाय यात विसंगती कशी आहे ती पाहा. अनुसूचित जातींच्या सरकारी यादीत हीच नावे छापलेली आहेत. १९९० साली कायदा दुरुस्त होऊन बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या, त्यासाठी लागणारा दाखला या यादीच्या आधारेच काढावा लागतो. जे नाव कचेरीत चालते ते पडद्यावर का चालू नये?

याच नावांनी एका लहान मुलीने आपले दुःख सांगितले होते. मुक्ता साळवे ही जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली मांग समाजातील मुलगी. वय सुमारे चौदा. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात तिचा निबंध छापून आला. त्याच्या मथळ्यातच मांग आणि महार हे दोन्ही शब्द आहेत, कारण तो त्यांच्या दुःखाविषयीच होता. त्यात तिने बाजीरावाच्या राज्यात झालेले अत्याचारही सांगितले. परकीय राजवटीत, मिशनऱ्यांच्या पत्रात, एका शाळकरी मुलीला जे शब्द निर्भयपणे लिहिता आले, ते स्वतंत्र भारतात तिच्याच गुरूंवरील चित्रपटात मंडळाला खटकावे, याला काय म्हणावे?

दूर कशाला जावयाचे? आपल्याच जिल्ह्यातील महाडचे उदाहरण घेऊ. उद्या कोणी चवदार तळ्याचा चित्रपट काढला आणि मंडळाने सांगितले की अस्पृश्य, महार, सवर्ण हे शब्द गाळा, तर पडद्यावर उरेल काय? २० मार्च १९२७ रोजी माणसांची एक मिरवणूक तळ्यावर गेली आणि ओंजळभर पाणी प्याली, एवढेच उरेल. पाहणाऱ्या मुलाला वाटेल की मार्चचे ऊन होते, लोकांना तहान लागली होती. नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला होता, तरीही त्या पाण्याला हात लावण्याची कोणाची छाती झाली नव्हती. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी कंडी पिकवून लोकांना मारहाण झाली. मग पंचगव्याचे १०८ घडे ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठरावच मागे घेतला. डिसेंबरात बाबासाहेब बोटीने दासगावला उतरून महाडला आले तेव्हा परिषदेला जागा मिळेना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. आणि उच्च न्यायालयाचा निकाल मिळावयास १७ मार्च १९३७ उजाडावे लागले. यांतील कोणती गोष्ट जातीचे नाव न घेता समजेल? शब्द गेला की कारण जाते, कारण गेले की सत्याग्रहाचा केवळ पाणवठा होतो.

त्याबरोबर सत्याची दुसरी बाजूही तितक्याच निष्ठेने दाखविली पाहिजे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. मुलींच्या पहिल्या शाळेला पुण्यात जागा देणारे भिडेही ब्राह्मणच. सावित्रीबाईंवर शेण फेकणारे दाखवावेत, तसे हेही दाखवावेत. अन्यायाचे नाव घेणे म्हणजे एखाद्या जातीच्या प्रत्येक माणसावर आरोप ठेवणे नव्हे. हे ज्याला कळते त्याला अशा चित्रपटाची भीती वाटावयाचे कारण नाही.

भगवान बुद्धांनी याविषयी कसोटी घालून दिली आहे. अभय राजकुमाराने त्यांना विचारले की, तथागत दुसऱ्यास अप्रिय वाटेल असे बोलतील काय? राजकुमाराच्या मांडीवर तान्हे मूल होते. भगवंतांनी विचारले, या मुलाने तोंडात खडा घातला तर तू काय करशील? राजकुमार म्हणाला, रक्त आले तरी बोट घालून तो बाहेर काढीन, कारण मला त्याची करुणा येते. तथागतांचे बोलणेही तसेच होते. जे सत्य आहे आणि हितकर आहे, ते अप्रिय असले तरी योग्य वेळी ते सांगत. चित्रपटाला हीच कसोटी लावा. तो खरे सांगतो काय? त्यात कोणाचे हित आहे काय? प्रिय वाटतो की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ या कसोटीवर उतरतो. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी तो प्रदर्शित झाला. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. गावाने ज्या शब्दाने त्या मुलाला हिणविले तोच शब्द चित्रपटाचे नाव झाला. मेलेले डुक्कर खांद्यावर टांगून ते कुटुंब शाळेच्या भिंतीजवळून जाते. त्या भिंतीवर फुले, सावित्रीबाई, बाबासाहेब यांची चित्रे आहेत. त्या एका दृश्यात जे सांगितले आहे ते शंभर भाषणांत सांगता येणार नाही. त्यासाठी महाराष्ट्रात कोठे दंगल झाली नाही. उलट अनेक सुशिक्षितांना आपल्या गावाची ओळख पहिल्यांदाच झाली.

आता एक कठीण गोष्ट बोलतो. स्वातंत्र्य आपल्याला हवे असेल तर ते आपल्याविरुद्ध बोलणाऱ्यासही द्यावे लागेल. आरक्षणावर टीका करणाऱ्या एका तामीळ चित्रपटाचे प्रमाणपत्र मद्रास उच्च न्यायालयाने रद्द केले होते. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिले आणि निदर्शनांच्या धमकीमुळे अभिव्यक्तीचा गळा दाबता येणार नाही असे ठरविले. २०११ साली ‘आरक्षण’ चित्रपटावर उत्तर प्रदेशात बंदी आली, तेथे बहुजन समाज पक्षाचे सरकार होते. तीही सर्वोच्च न्यायालयाने उठविली. हे निकाल त्या वेळी आपणांपैकी अनेकांना रुचले नसतील. पण ‘फुले’सारख्या चित्रपटाचे रक्षण करणारी ढाल तीच आहे. १९८८ च्या आरंभी बाबासाहेबांच्या ‘रिडल्स’ ग्रंथातील राम-कृष्णाविषयीचे परिशिष्ट काढून टाका अशी मागणी झाली, तेव्हा आपल्या समाजाने मुंबईत विराट मोर्चा काढून ते वाचविले. सरकारने आपली असहमती नोंदविली, पण मजकूर राहिला. हाच खरा न्याय होय. ज्याला पटत नाही त्याने तसे लिहावे, फाडू नये.

मात्र टीका वेगळी आणि अपमान वेगळा. चारचौघांत जातीचे नाव घेऊन माणसाला जाणूनबुजून हिणविणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. तेथे तक्रार अवश्य करावी. पण तो गुन्हा पडद्यावर दाखविणारा गुन्हेगार नव्हे, तो साक्षीदार आहे. साक्षीदाराचे तोंड बंद करून गुन्हा थांबत नाही.

तेव्हा आपले कर्तव्य काय? असे चित्रपट मुलाबाळांसह पाहावेत. पाहून आल्यावर घरात किंवा विहारात बसून मुलांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. “हे नाव आपले होते का?” असे मुलाने विचारले तर लाजून विषय बदलू नये. त्याला सांगावे की, हे नाव आपल्यावर लादले गेले होते, आपण ते शीलाच्या बळावर टाकले, आणि कोणी लादले हे विसरावयाचे नाही. दुसरे, आपल्या वाडीतील वृद्धांना अजून बोलता येते आहे तोवर त्यांच्या आठवणी लिहून घ्या. कोणत्या विहिरीवर मज्जाव होता, शाळेत कोठे बसवीत, वेठ कोणती करावी लागे, हे नावानिशी उतरवा. उद्याच्या चित्रपटाची कथा त्या वह्यांतूनच निघेल. वही घरात असली की पडद्यावरचा शब्द खोडला तरी सत्य हरवत नाही.

असत्य बोलणार नाही असे शील आपण घेतले आहे. दुसऱ्याने सत्य खोडले असता गप्प बसणे हे त्या शीलास शोभणारे नाही, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.

भवतु सब्ब मंगलम्. जयभीम.