भूल उतरताना



आम्ही कामगार संघटनेचे माणूस, शिक्षण चौथीपर्यंत. तेव्हा वैद्यकावर बोलणे हे धाडसच. परंतु एका प्रश्नाने आम्हाला वाचायला लावले.

आमच्या एका सभासदाच्या चार वर्षांच्या मुलाचे ऑपरेशन झाले. भूल उतरू लागताच पोर किंचाळू लागले, हातपाय झाडू लागले. सलाइनची सुई त्याने उपटून काढली. आई समोर असून ओळखेना. बापाने विचारले, "साहेब, पोराला वेड तर लागले नाही?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

उत्तर आहे, आणि ते धीराचे आहे. अमेरिकेत एकेनहॉफ प्रभृती डॉक्टरांनी या अवस्थेवर 1961 सालीच लिहिले. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत ती अधिक दिसते. मुलांना हुंगवून देतात त्या सेव्होफ्लुरेनची भूल लवकर चढते आणि लवकर उतरते. तिच्यानंतर हा प्रकार विशेष आढळतो. जणू देह आधी जागा होतो आणि भान मागून येते. बहुधा अर्ध्या तासाच्या आत पोर शांत होते. तो हट्ट नव्हे, वेड तर नव्हेच.

मग करावे काय? ऑपरेशनपूर्वी मुलाची भीती कमी करावी. जाग येण्याआधीच वेदनाशामक औषध पोचलेले असावे. डेक्समेडेटोमिडीन, प्रोपोफॉल यांसारखी औषधे भूलतज्ज्ञ बेताने वापरतात. खोलीत गलबला नसावा. पोर पडू नये म्हणून जवळ माणूस असावे. आई जवळ असली म्हणजे हा प्रकार टळतोच असे नाही. परंतु भान येईल तेव्हा पोराला पहिला चेहरा ओळखीचा दिसावा, एवढा त्याचा हक्क आहे.

आता आमच्या धंद्यातील गोष्ट. 2013 सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी-शाळांतील मुलांची तपासणी होते, आवश्यक त्या शस्त्रक्रिया मोफत होतात. परंतु जालना जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याने उचल घेतलेली असते. एक दिवस चुकला की खाडा पडतो. ऑपरेशन मोफत, पण उशाशी बसणे मोफत नाही!

म्हणून आमची मागणी साधी आहे: मुलाच्या ऑपरेशनच्या दिवशी आईला किंवा बापाला भरपगारी रजा, खाटेशेजारी एक स्टूल, आणि काय घडेल हे आधी समजावून सांगणारी परिचारिका. तेवढे झाले, तर पुढच्या बापाला तो प्रश्न आम्हाला विचारावा लागणार नाही.