गावचा चित्रकार आणि गावची भिंत



माळव्यातील चित्रकलेचा विचार दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या नावापासूनच सुरू करावा लागतो. होळकर संस्थानच्या काळात, १९२७ साली, त्यांच्या नेतृत्वाखाली इंदुरात चित्रकलेची शाळा सुरू झाली. नारायण श्रीधर बेंद्रे, देवकृष्ण जटाशंकर जोशी, विष्णू चिंचाळकर हे या परंपरेतले. मकबूल फिदा हुसेन यांनीही काही काळ तेथे धडे घेतले. रंगपेटी घेऊन उघड्यावर जावे, समोरचे दृश्य डोळ्यांनी पारखावे आणि ऊन सरकण्याच्या आत ते कागदावर उतरवावे, ही शिस्त येथील निसर्गचित्रणात रुजली.

शहराने चित्रकार घडविले. पण त्यांना प्रेक्षक कोणी दिले? बेंद्रे १९१० साली इंदुरात जन्मले, परंतु त्यांच्या कीर्तीचा मार्ग मुंबईवरून गेला आणि १९५० पासून त्यांच्या अध्यापनाचा लाभ बडोद्याला झाला. हुसेनही मुंबईसच गेले. मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून होती. १९५२ साली जहांगीर कलादालनही उघडले. जेथे भिंत आणि पारखी आहेत तेथे चित्र जाणारच. त्यात कलावंताचा दोष नाही. उलट विष्णू चिंचाळकर २००० सालच्या अखेरच्या पर्वापर्यंत इंदूरचेच राहिले. वाळलेली पाने, मुळे, काटक्या आणि टाकाऊ वस्तू यांतून त्यांनी आकृती शोधल्या. आपल्या अंगणातही कलेचे द्रव्य पडलेले असते, हे त्यांनी दाखवून दिले.

म्हणून स्थानिक चित्रकाराचे एकल प्रदर्शन, ज्याला बोलीत ‘वन मॅन शो’ म्हणतात, हा सामाजिक संस्थेच्या आस्थेचा विषय ठरावा. समूहप्रदर्शनात प्रत्येकाचे एक-दोन चांगले नग दिसतात; कमकुवत बाजू झाकली जाते. एकट्याच्या तीस चित्रांसमोर मात्र लपायला जागा नसते. एखाद्या रंगाची लागलेली सवय, पुनःपुन्हा येणारा विषय, मधल्या काळातली चाचपड, आणि एके दिवशी सापडलेली स्वतःची रेषा, हे सारे भिंतीवर ओळीने उभे राहते. प्रेक्षकाआधी ते चित्रकारालाच दिसते. घरात कपाटाला टेकवून ठेवलेल्या चित्रांतून ते कधीच दिसत नाही.

लहान समाजात याला एक अडसर असतो, तो म्हणजे ओळखीचा. चित्रकार कोणाचा शिक्षक, कोणाचा शेजारी, कोणाचा मेहुणा असतो. उद्घाटनाला गर्दी होते, चहापान होते, अभिप्रायवहीत ‘फार सुंदर’ असे शेरे पडतात आणि तिसऱ्या दिवशी दालन ओस पडते. चित्र विकत घेण्याचा विषय निघाला, की घरच्या माणसाकडून पैसे कसले घ्यायचे, असा प्रेमळ प्रश्न येतो. पण रंग, कागद, काच आणि चौकट यांचे पैसे त्या घरच्या माणसानेच भरलेले असतात. भिडेपोटी केलेली स्तुती आणि भिडेपोटी मागितलेली भेट, दोन्ही कलावंताला सारखीच एकाकी करतात.

ग्रंथालयाने यात काय करावे? दालनाला मोठा खर्च लागत नाही. एकाच फिक्या रंगाची भिंत, नजरेच्या उंचीवर टांगलेली चित्रे, काचेवर झळकणार नाही असा प्रकाश आणि दोन चित्रांमध्ये श्वास घेण्याइतकी जागा, एवढे पुरते. एका संध्याकाळी चित्रकाराने दालनात उभे राहून बोलावे आणि सभासदांनी मोकळेपणाने विचारावे. मुख्य म्हणजे प्रत्येक प्रदर्शनाची सूची छापावी: चित्राचे नाव, साल, माध्यम, माप. तिची एक प्रत ग्रंथालयात दप्तरी राहावी. चित्रकार गेल्यावर घर बदलते, वाटण्या होतात, माळ्यावर ओल लागते. चित्रे कुठे गेली हे सांगणारे कोणी उरत नाही. अशा वेळी ती चार पानांची सूचीच त्याच्या आयुष्यभराच्या कामाची साक्ष देते.

गावच्या लेखकाचे पहिले पुस्तक ग्रंथालय विकत घेते, त्याला दाखलअंक देते आणि कपाटात जागा देते. ते पुस्तक थोर ठरेल की नाही, याची वाट ते पाहत बसत नाही. तोच न्याय गावच्या चित्रकाराला मिळावा. ज्या संस्थेने शंभर वर्षे वाचक घडविले, तिने पुढील काळात पाहणारेही घडवावेत, एवढीच रसिकांच्या वतीने शताब्दीनिमित्त प्रार्थना.