सालामांकाच्या आजींचं स्वयंपाकघर



स्पॅनिश शिकायला मी तीन महिने स्पेनमधल्या सालामांकाला होते. तिथलं विद्यापीठ १२१८ सालचं. पण माझी खरी शाळा म्हणजे जिथे राहिले त्या आजींचं स्वयंपाकघर. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, हे बरंच झालं. दुपारचं जेवण अडीचला, रात्रीचं साडेनऊला! स्पॅनिशमध्ये 'एच' हे अक्षर मुकं, त्यामुळे आपलं मोहर्ली त्यांच्या तोंडी 'मोअर्ली' झालं.

आधार दिला मराठीनेच. बटाट्याला 'पाताता', पैसे देण्याला 'पागार'. आपले बटाटा आणि पगार पोर्तुगीजांकडून आले, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. 'मे गुस्ता' म्हणजे 'मला आवडतं', वाक्याची घडण अगदी आपली. वर्गातले इंग्रज तिथेच अडखळायचे.

तरी पहिले पंधरा दिवस मी जेवताना गप्प. पाणी स्पॅनिशमध्ये मागितल्याशिवाय आजी देत नसत, आणि माझं वाक्य काही जुळत नसे. तेव्हा आपला पहिलीचा वर्ग आठवला. घरी गोंडी बोलणारे तुम्ही कितीतरी जण होतात. सहाव्या वर्षी, शब्दकोशाशिवाय, तुम्ही मराठीत पाढे म्हणत होतात. मी चाळिशीत, फी भरून, रडकुंडीला आले होते!

आज पंगतीला मी तुमच्याच शेजारी बसणार आहे. गोंडीत मागितल्याशिवाय मला पाणी देऊ नका.