अब्बांच्या वह्या आणि आपाचा एक तास

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



संगणकावरचे काम नेटके कसे ठेवावे, या विषयावर बोलायला एका कवीला बोलावले, याचे माझ्या घरच्यांना फार नवल वाटले. मी कलाशाखेचा पदवीधर. टेबलावर कागदांचा ढीग आणि त्या ढिगाखाली चष्मा, अशी माझी ख्याती! पण गेली दोन वर्षे एक काम हाती आहे आणि त्या कामाने मला थोडी शिस्त लावली. तीच हकिगत सांगतो.

माझे वडील सोलापुरात कापड गिरणीत साचेखात्यात होते. पाळी संपवून आले की मराठीत कविता लिहीत. २००६ साली ते गेले, तेव्हा मागे ११ वह्या राहिल्या. अक्षर बारीक, शिसपेन्सिलीचे, जागोजागी पुसट झालेले. मध्येच घरच्या दखनी बोलीतले शब्द. हे अक्षर पुरतेपणी लागते ते एकाच माणसाला, माझ्या थोरल्या बहिणीला. आपा आता ७२ वर्षांची आहे. तिची नजर मंदावत चालली आहे आणि गेलेली नजर परत येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. दुपारच्या उजेडात जेमतेम तासभर ती वाचू शकते. आमच्या कामाचे सारे भांडवल म्हणजे तो एक तास.

तो आम्ही आधी कसा उधळला ते ऐका. आपाची मुलगी, म्हणजे माझी भाची, पुण्याला असते. तिने सुट्टीत येऊन पानांचे फोटो काढले. मजकूर टंकून आम्ही एकमेकांना पाठवू लागलो. फाइलींची नावे काय, तर ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’, ‘खरी अंतिम’! एक दुरुस्ती माझ्याकडे, दुसरी तिच्याकडे. एके दुपारी आपापुढे एक पान ठेवले. भिंग धरून तिने अर्धे वाचले आणि हळूच म्हणाली, “अरे, ये पान तो मैं पिछले जुम्मे कू पढी ना?” ती रागावली नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी भाचीने मला चार गोष्टी शिकवल्या.

पहिली गोष्ट, जागा एकच. आम्ही सगळे फोटो गूगल ड्राइव्हवर ठेवले. तिथे १५ जीबी जागा फुकट मिळते, मात्र तुमची जीमेलवरची पत्रे आणि गूगल फोटोंतली छायाचित्रेही त्याच जागेत मोजली जातात. आमच्या एका पानाचा फोटो सुमारे ४ एमबीचा. हजार पाने धरली तरी ४ जीबीत काम भागते. नावे सर्वांची एकाच धाटणीची: ‘वही-०३-पान-०४७’. आधीचे शून्य मुद्दाम घालायचे, नाहीतर पुष्कळ ठिकाणी दहावे पान दुसऱ्याच्या आधी येऊन बसते. तारीख लिहायची ती वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, म्हणजे फाइली आपोआप ओळीने लागतात. आयएसओ ८६०१ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून हेच सांगते आहे.

दुसरी गोष्ट हजेरीपटाची. गूगल शीट्समध्ये एका पानाला एक ओळ. पुढे रकाने: फोटो काढला, वाचले, टंकले, तपासले, अडलेले शब्द. गिरणीत कोणता माग चालू, कोणता बंद, त्यावर कोण, हे एका नजरेत दिसावे लागे, तसेच हे. आता भाची रोज सकाळी ‘वाचायचे राहिले’ एवढ्याच ओळी निवडते आणि त्यांतली तीन पाने आपासाठी काढते.

तिसरी गोष्ट ट्रेलोची. हे २०११ साली निघाले. पडद्यावर एक फळा, त्यावर तीन रांगा: करायचे, चालू, झाले. प्रस्तावना, मुखपृष्ठ, छपाईची चौकशी अशा कामांची एकेक चिठ्ठी करायची आणि ती पुढे सरकवत न्यायची. ही युक्ती मूळची जपानची. टोयोटाच्या कारखान्यात अशा चिठ्ठ्या वापरत. तिला ‘कानबान’ म्हणतात. आमचा नियम एवढाच, की ‘चालू’ या रांगेत एका वेळी तीनपेक्षा जास्त चिठ्ठ्या नकोत.

चौथी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, ती गूगल डॉक्सची. मराठीत बोलून टंकण्याची सोय गूगलने २०१७ साली दिली. आपा वाचते आणि फोन लिहीत जातो. दखनी शब्द आले की तो अडखळतो, म्हणून आम्ही तिचा आवाजही वेगळा जपून ठेवतो. शिवाय या फाइलीला मागचे सगळे आठवते. भाचीने एकदा ‘कांडी’ हा शब्द चूक समजून सगळीकडे ‘काडी’ करून टाकला. तिने वाचून दाखवताच आपा म्हणाली, “कांडी, बेटा, कांडी. मैं खुद भरी हूँ बचपन में.” सूत गुंडाळलेली मागाची कांडी पुण्यात वाढलेल्या मुलीने कुठून पाहावी? आवृत्त्यांच्या इतिहासात जाऊन आम्ही आदल्या दिवशीची प्रत परत आणली. अब्बांचा शब्द वाचला.

एक इशारा मात्र देतो. ही साधने परक्याच्या घरातली आहेत. वंडरलिस्ट नावाची कामांच्या याद्यांची चांगली सोय होती. मायक्रोसॉफ्टने ती २०१५ साली विकत घेतली आणि मे २०२० मध्ये बंद केली. म्हणून प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर, हा जाणकारांचा नियम पाळावा. आमची एक प्रत ड्राइव्हवर, एक माझ्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर आणि एक पुण्याला.

आणि हे सगळे हवेच असेही नाही. एकट्याचे छोटे काम असेल तर साधी पेन्सिल आणि एक वही पुरते. माणसे दोन-चार झाली, गावे वेगळी झाली, की मग एक जागा, एक नाव आणि एक हजेरीपट यांवाचून गत्यंतर नाही. साधन कोणते हे नंतर ठरवा. आधी हे ठरवा, की तुमच्या कामात कोणाचा वेळ परत मिळणार नाही. सारी व्यवस्था त्या माणसाभोवती बांधा.

काल आपाने विचारले, “कितने पाने रहे?” पूर्वी मी ‘थोडेच’ म्हणून वेळ मारून नेत असे. काल हजेरीपट उघडला आणि सांगितले, “आपा, ३४८.”

तिने भिंग पुसून डबीत ठेवले आणि म्हणाली, “फिर कल जरा जल्दी आ.”