काळी गाडी आणि खानदेशचं ऊन

आमच्या शाळेतल्या एका तरुण सहकाऱ्याने परवा मधल्या सुट्टीत मला गाठलं आणि विचारलं, "सर, गाडी बुक करतोय. पांढऱ्याला थांबावं लागतंय, काळी लगेच मिळतेय. तुमच्याकडे काळी आहेच. घेऊ का?" मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. "रविवारी घरी चहाला या, मग सांगतो," एवढंच म्हणालो. कारण या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देण्यासारखं नाही. त्या रविवारी चहाबरोबर जे बोललो, तेच आज आपल्याशी बोलणार आहे.

मी मूळचा धुळ्याचा, नोकरीनिमित्त जळगावात स्थायिक झालेला. सहा वर्षांपूर्वी गाडी घेतली. रंग निवडला मुलीने आणि त्याला पाठिंबा दिला आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. आप्पांनी सारी हयात एस.टी. चालवली. लहानपणी गावात डॉक्टरांची काळी गाडी यायची, तिच्या मागे ते पळायचे. "गाडी म्हणजे काळी," हे त्यांच्या मनात तेव्हापासून पक्कं. गाडी धुळ्याला नेली तेव्हा माय ओवाळायला दारात आली आणि ताट हातात तसंच धरून म्हणाली, "इतला ऊनमा काळी गाडी काबर लिन्ही रे भाऊ?" आप्पा हसले आणि म्हणाले, "लोक पांढऱ्या गाडीला काळी बाहुली बांधतात. आपली गाडीच काळी आहे, तिला कुणाची दृष्ट लागणार?"

आप्पांचं 'गाडी म्हणजे काळी' हे म्हणणं अगदीच जुनाट नव्हतं. फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' ही जगप्रसिद्ध गाडी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात निघत होती. तो रंग स्वस्त होता आणि टिकाऊ होता. पुढे लवकर सुकणारे रंगीत रोगण आलं आणि रस्ते रंगीबेरंगी झाले. थोडक्यात काय, काळा रंग आज रुबाबाचा मानला जातो, पण त्याची सुरुवात काटकसरीतून झाली.

रुबाबाचं मात्र खरं आहे. काळी गाडी धुऊन-पुसून दारात उभी केली की अंगणाला शोभा येते. झेंडूचा हार जसा काळ्या गाडीवर उठून दिसतो, तसा दुसऱ्या कुठल्याच रंगावर दिसत नाही. एकदा पारोळ्याजवळच्या एका खेड्यात बारशाला गेलो होतो. गाडी मांडवापाशी थांबली तशी ओट्यावरची चार माणसं अदबीने उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, कुणी पुढारी आले. दार उघडून मी पिशवी घेऊन उतरलो तेव्हा बिचारी पुन्हा बसली.

आणखी दोन गुण सांगतो. धुळं वर्षातून दोनदा बातमीत येतं, मे महिन्यात उन्हासाठी आणि डिसेंबर-जानेवारीत थंडीसाठी. पारा पाच-सहा अंशांवर उतरलेल्या सकाळी कोवळ्या उन्हात उभी केलेली काळी गाडी लवकर ऊब धरते. आणि साधा, चमकी नसलेला काळा रंग असेल तर पेंटरला तो जुळवायला सोपा जातो. चंदेरी किंवा मोतिया रंगाच्या गाडीचा एकच दरवाजा रंगवला की तो शेजारच्या दरवाजापेक्षा निराळा दिसतो, तसं सहसा होत नाही.

आता दुसरी बाजू. पहिली तक्रार धुळीची. लोकांना वाटतं, काळ्यावर मळ दिसत नाही. कपड्यांच्या बाबतीत ते खरं असेल, गाडीच्या बाबतीत उलटं आहे. आपल्याकडची धूळ फिकट, ती काळ्यावर लगेच दिसते. वैशाखात एक वावटळ आली की तासाभरापूर्वी पुसलेली गाडी पीठ चाळल्यासारखी होते. मग आपण कोरडा फडका घेऊन पुसायला धावतो, आणि नेमकी तिथेच चूक होते. धुळीत वाळूचे कण असतात. कोरड्या फडक्याने ते रंगावर घासले जातात आणि बारीक, गोल गोल ओरखडे पडतात. उन्हात ते कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतात. पांढऱ्या गाडीलाही ते पडतात, फक्त दिसत नाहीत. आप्पांचा नियम होता, "आधी पाणी, मग फडका."

पण पाणी आणायचं कुठून? आपल्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, हे श्रोत्यांना मी सांगायला नको. शेजारच्या बाईंनी हंडे भरून ठेवावेत आणि आपण नळी लावून गाडी धुवावी, हे मनाला पटत नाही. बोअरचं पाणी वापरलं तर ते जड. थेंब वाळला की पांढरा डाग राहतो आणि काळ्यावर तो देवीच्या व्रणासारखा दिसतो. यावर आम्ही काढलेला मार्ग असा : नळी बंद, एकच बादली. पहाटे, पत्रा गार असताना, मगाने पाणी ओतून धूळ सोडवायची, मऊ लुसलुशीत फडक्याने वरून खाली पुसायचं आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. रोज नाही, आठवड्यातून दोनदा. राहिलेलं पाणी जास्वंदीला.

सावलीचंही तसंच. कडुनिंबाखाली गाडी लावावी तर पाखरांची विष्ठा. ती तापलेल्या रंगावर वाळली तर वरचं पारदर्शक रोगण खाते आणि कायमचा डाग उमटतो. कापडी आवरण घालावं तर आतली धूळ वाऱ्याने घासली जाते. तरी मी सावलीच निवडतो. डाग पुसता येतो, उन्हाचं काय करणार?

उन्हाबद्दल मात्र अंदाजाने बोलू नये, कारण त्याची मोजमापं झालेली आहेत. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या संशोधकांनी एकाच बनावटीच्या दोन गाड्या, एक काळी आणि एक चंदेरी, उन्हात शेजारी शेजारी उभ्या केल्या. काळ्या रंगाने अंगावर पडलेल्या उन्हापैकी जेमतेम पाच टक्के परतवलं, चंदेरीने सुमारे अठ्ठावन्न टक्के. काळ्या गाडीचं छत चंदेरीपेक्षा २५ अंशांपर्यंत जास्त तापलं. पण आतल्या हवेत फरक पडला तो पाच-सहा अंशांचा. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. फिकट रंगामुळे एसी लहान चालतो आणि इंधनात एक-दोन टक्के बचत होऊ शकते, असाही त्यांचा हिशेब होता.

म्हणजे पत्र्याला हात लावला तर फरक मोठा, आत बसलं तर लहान. असं का? कारण गाडीचा आतला भाग मुख्यतः तापतो तो काचांमधून आलेल्या उन्हाने. काचा काळ्या गाडीला असतात तशाच पांढऱ्या गाडीलाही असतात. हे भौतिकशास्त्र मी तीस वर्षं मुलांना शिकवत आलो. पण ते मला खऱ्या अर्थाने कळलं एका मे महिन्यात, धुळ्यात.

आप्पांच्या पेन्शनच्या कामासाठी आम्ही गेलो होतो. दुपारचा एक वाजलेला. आप्पांचा गुडघा दुखत होता, जिना चढायचा होता. ते म्हणाले, "मी गाडीतच बसतो. तू सही करून ये, पाच मिनिटांचं तर काम." मी गाडी भिंतीच्या वीतभर सावलीला लावली, इंजिन बंद केलं आणि सवयीने किल्ली खिशात घालून निघालो. किल्ली काढली की काचा खाली करणारं बटण चालत नाही, हे त्या क्षणी डोक्यात आलंच नाही. वर रांग होती. पाच मिनिटांची पंचवीस झाली. सावली सरकली. आप्पांना गुंगी आली होती. समोरच्या रसवंतीवाल्याचं लक्ष गेलं, त्याने काच वाजवली, आतून हालचाल नाही म्हणून दार उघडलं आणि त्यांना बाहेर काढलं. मी खाली आलो तेव्हा आप्पा बाकावर होते. सदरा ओलाचिंब, ओठ कोरडे आणि बोलणं असंबद्ध. त्या भल्या माणसाने डोक्यावर ओला पंचा ठेवला होता आणि तो वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत होता.

दवाखान्यात सलाइन लागलं. संध्याकाळपर्यंत ते सावरले. मी डॉक्टरांना म्हणालो, "आमची गाडी काळी आहे ना, म्हणून असं झालं." डॉक्टर शांतपणे म्हणाले, "गाडी पांढरी असती तरी मी हेच सलाइन लावलं असतं."

तो शब्द मला लागला. नंतर मी वाचलं. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आलं, की बंद गाडीतलं तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा साधारण २२ अंशांनी चढतं आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच बोटभर उघडी ठेवल्याने विशेष फरक पडत नाही. आपल्याकडे बाहेरच ४४-४५ अंश असतात. मग आत काय होत असेल, याचा हिशेब आपणच करा. आमच्याकडचं भरीत प्रसिद्ध आहे, पण ते वांग्याचं असावं, माणसाचं नसावं. रंगाने पाच-सहा अंशांची भर घातली असेल, बाकीचा दोष माझा होता. तो मी काळ्या रंगावर ढकलू पाहत होतो.

म्हणून कळकळीने सांगतो. गाडी कुठल्याही रंगाची असो, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा मुकं जनावर बंद गाडीत एक मिनिटही ठेवू नका. उन्हात उभी असलेली गाडी आधी चारही दारं उघडून मिनिटभर मोकळी करा. पुढच्या काचेला आतून पडदा लावा. काचांना काळी फिल्म लावण्याच्या मोहात मात्र पडू नका. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा फिल्म लावण्यास मनाई केली होती. नियमाप्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यायला हवा.

आणखी एक गोष्ट, ती रस्त्यावरची. जळगाव-धुळे रस्ता पूर्व-पश्चिम. संध्याकाळी पाळधी, एरंडोल, पारोळा करत धुळ्याकडे निघालं की मावळता सूर्य डोळ्यांत, आणि सकाळी परत येताना उगवता डोळ्यांत. त्यात डांबरही काळं आणि आपली गाडीही काळी. एका तिन्हीसांजेला मुकटीच्या पुढे समोरून एक मोटारसायकलवाला ट्रॉलीला ओलांडून थेट माझ्या अंगावर आला. मी गाडी कडेला घातली म्हणून दोघं वाचलो. थांबून त्याला रागावलो तर तो थरथरत म्हणाला, "काका, खरंच दिसली नाही हो गाडी." माझे दिवे बंद होते. अजून उजेड आहे, असं मला वाटत होतं. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने २००७ मध्ये केलेल्या अभ्यासात, पांढऱ्या गाड्यांच्या तुलनेत काळ्या गाड्यांना अपघाताचा धोका दिवसा सुमारे १२ टक्के आणि पहाटे-संध्याकाळी ४७ टक्क्यांपर्यंत जास्त आढळला होता. तेव्हापासून सूर्य कलला की मी दिवे लावतो. २०१७ पासून आपल्याकडे नव्या मोटारसायकलींचा दिवा कायम सुरूच असतो. काळ्या गाडीवाल्याने तोच नियम स्वतःला लावून घ्यावा.

तर सहकाऱ्याला मी शेवटी तीन प्रश्न विचारले. घरी आणि शाळेत गाडीला सावली आहे का? आठवड्यातून दोनदा पहाटे उठून एक बादली आणि दोन फडके घेऊन अर्धा तास देशील का? आणि दिवस मावळायच्या आधी दिवे लावायचं लक्षात राहील का? तिन्हींना 'हो' असेल तर खुशाल काळी घे, तिच्यासारखी देखणी गाडी नाही. एकालाही 'नाही' असेल तर पांढरीसाठी थांब. रंग आरसी बुकात लिहिलेला असतो. तो नंतर बदलायचा म्हटलं तर आरटीओत खेटे घालावे लागतात.

"आणि शनीचं काय?" त्याने जाता जाता विचारलं. मी म्हणालो, "संक्रांतीला आपण हौसेने काळी वस्त्रं नेसतो, काळ्या जमिनीला आई म्हणतो. काळ्याचं वावडं आपल्याला कधीपासून?"

आप्पा आता ऐंशीच्या पुढे आहेत. हिवाळ्यात जळगावला येतात. पहाटे अंगणात मगाचा आवाज आला की मी ओळखतो. मी बाहेर जाऊन बादली उचलून देतो आणि ते पुसतात. परवा पुसता पुसता म्हणाले, "गाडी चांगली आहे रे भाऊ. फक्त किल्ली माझ्याजवळ देऊन जात जा."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)